कॅरेक्टर चांगलं की वाईट ते सोडा, दंड कोण वसूल करतंय ते बघा

शिवाजी मंदिरला प्रयोग सुटला की दादर स्टेशनकडे निघालेल्या घोळक्यांच्या मागून जरा कान देऊन चाला. "मला ती बाई पटलीच नाही", "नवरा काय एवढा वाईट नव्हता हां", "मी असते ना तिच्या जागी तर केव्हाच बॅग उचलून निघाले असते". सगळे असंच बोलतात, मीही बोलते, त्यात मजा आहेच. फक्त हा निकाल झाला. आणि निकाल लागला की केस संपली, मग ते माणूस तसं का वागलं यात कुणालाच इंटरेस्ट उरत नाही, ब्रिजवर चढेपर्यंत विषय फास्ट पकडायची की स्लो यावर आलेला असतो.

दुसरा प्रकार कॉलेजातला. माझी भाची टीवायला आहे, मराठी घेऊन. तिच्या गाइडमध्ये व्यक्तिरेखेचं विश्लेषण म्हणून काय असतं तर विशेषणांची माळ, स्वाभिमानी, करारी, हसतमुख, परिस्थितीने गांजलेली, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य की समाजाने तिच्यावर अन्याय केला. आता हा समाज म्हणजे नेमका कोण? राहतो कुठे, आणि त्याने नक्की केलं काय? असं विचारलं की भाची म्हणते, "मावशी, एवढं नाही विचारत गं पेपरात."

नाही विचारत तर नाही विचारत, पण खरी गंमत तिथेच आहे. कुठलंही कॅरेक्टर समजून घ्यायचं असेल तर पहिल्यांदा हे शोधायचं की त्याच्याकडून कोणाची काय अपेक्षा आहे, आणि मग हे बघायचं की ती मोडल्यावर दंड कोणी वसूल केला. बास. स्वभाव, संवाद, कपडे, एंट्री, सगळं यातून उलगडत जातं. अपेक्षा अशी नुसती दिसत नाही ना, ती मोडली की दिसते. सोसायटीत कुठे लिहिलेलं नसतं की एकट्या राहणाऱ्या मुलीकडे रात्री कोण येतं जातं याची नोंद ठेवावी, पण एकदा कोणीतरी येऊ दे, दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काकू कशा बघतात ते कळतं. हा लिफ्टमधला लुक म्हणजेच दंड. छोटा आहे, पण वसूल झाला.

यावर थोडी थिअरी सांगते, घाबरू नका, थोडीच आहे. एर्व्हिंग गॉफमन नावाचा एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने १९५० च्या दशकात एक पुस्तक लिहिलं आणि त्यात माणसांचं रोजचं वागणं चक्क नाटकाच्या भाषेत मांडलं. चारचौघांत असताना आपण स्टेजवर असतो, म्हणजे ज्या भूमिकेत लोकांनी आपल्याला बसवलंय ती करून दाखवत असतो, आणि विंगेत, म्हणजे पडद्याआड, गेलो की सैल होतो. स्कॉटलंडच्या वरच्या अंगाला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या हॉटेलात त्याने बघितलं की तेच वेटर डायनिंग हॉलमध्ये वेगळे आणि किचनचं दार ढकलून आत गेले की वेगळे. कुठल्याही उडप्याकडे आतल्या टेबलावर बसलात तर हेच दिसेल.

आता ही आयडिया मुंबईच्या चाळीला लावून बघा. चाळीत विंग आहेच कुठे? एक खोली, समोर कॉमन गॅलरी, संडास कॉमन, नळ कॉमन, भांडण झालं तर आवाज तीन बिऱ्हाडं पलीकडे जाणार. माणूस सकाळी टमरेल घेऊन निघाला तिथपासून स्टेजवर. चाळीवरच्या कथा-नाटकांत प्रत्येकाला प्रत्येकाची इतकी खडान्खडा माहिती असते ते काही फक्त विनोदासाठी नसतं, त्या जागेत सैल व्हायला जागाच नाहीये, त्यामुळे अपेक्षा चोवीस तास ऑन. फ्लॅटमध्ये दार बंद करता येतं, म्हणून फ्लॅटवाल्या नाटकांत रहस्यं दाराआड असतात आणि चाळीतल्या नाटकांत ती सगळ्यांना माहीत असूनही कोणी बोलत नाही. त्यामुळे कॅरेक्टर कुठे राहतं हे डेकोरेशन म्हणून सोडून देऊ नका, त्याला विंग किती मिळते ते तपासा.

आता एकच नाटक घेऊन जरा बारकाईने बघू, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने केलं, बेणारे बाई सुलभा देशपांडेंनी केली. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला एका गावात येते, संध्याकाळच्या प्रयोगाला वेळ असतो, एक नट आलेला नसतो म्हणून गावातल्या सामंतला घ्यायचं ठरतं आणि त्याला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून टाइमपास एक खोटा खटला उभा करतात. आरोपी कोण? लीला बेणारे, शाळेतली बाई, लग्न न झालेली, मोठ्याने हसणारी. आणि ती आरोपी आहे हे कधी ठरतं, तर ती तोंड धुवायला आत गेलेली असताना. ती बाहेर येते तो थेट आरोपी होऊनच. हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अपेक्षांचा करार असाच होतो, तुम्ही खोलीत नसताना. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ म्हणून सुरू झालेलं हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यात घुसतं, तिचं एका विवाहित प्राध्यापकाशी असलेलं नातं, पोटातलं मूल, सगळं चव्हाट्यावर.

गाइडमध्ये इथे काय लिहितात, समाजाने बेणारेचा बळी घेतला. बरं, मग तो समाज मोजून बघा की, स्टेजवरच उभा आहे. सुखात्मे वकील आहे पण त्याला केसेस मिळत नाहीत. पोंक्षे शास्त्रज्ञाच्या रुबाबात वावरतो पण इंटर सायन्सलाच गचकलेला आहे. काशीकर दांपत्याला मूल नाही, रोकडेला त्यांनी वाढवलंय आणि आयुष्यभर राबवून घेतायत. म्हणजे जमलेल्या प्रत्येकाकडून जगाने काहीतरी अपेक्षा केली होती आणि प्रत्येकजण त्यात नापास झालाय. आणि सुरुवातीलाच ही बेणारे बाई या सगळ्यांच्या नापास होण्यावर सामंतसमोर मस्त हसत हसत नकला करते! हे ज्याच्या लक्षात आलं त्याला पुढचा खटला वेगळा दिसतो. ही माणसं नीती-अनीतीच्या तळमळीने पेटलेली नाहीयेत. त्यांना पहिल्यांदाच आपल्यापेक्षा जास्त नापास झालेलं कोणीतरी सापडलंय, आणि ते हातचं जाऊ द्यायचं नाहीये, एवढंच.

त्यात मिसेस काशीकर बघा. नवरा तिला दर दोन मिनिटांनी गप्प करतो, चारचौघांत, सवयीने. ती गप्प बसते, पुन्हा बोलते, पुन्हा गप्प. आणि मग साक्षीला उभं राहायची संधी मिळते तेव्हा ही बाई काय तुटून पडते! लग्नाशिवाय सगळं मिळतंय तर जबाबदारी कशाला हवीय अशा बायकांना, असा तिचा सूर. आपण लगेच म्हणतो, बाईच बाईची शत्रू. हे वाक्य इतकं झिजलंय की त्याने काहीच कळत नाही. उलटा हिशोब मांडून बघा, हिने नियम पाळले, लग्न केलं, गप्प बसली, मूल नाही म्हणून जे काही ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं असणार, आणि समोर एक बाई नियम न पाळता हसतेय. बेणारे जर बरोबर असेल तर मिसेस काशीकरने भरलेली सगळी किंमत फुकट गेली, मग ती तिला बरोबर कशी ठरू देईल? नियमामुळे ज्यांना सगळ्यात कमी मिळालेलं असतं ते कधी कधी नियमाचे सगळ्यात कडक वॉचमन होतात, कारण त्यांच्याकडे तेवढीच एक इज्जत शिल्लक असते. हे तुम्हाला रात्री आठच्या सिरियलमधल्या सासवांनाही लावता येईल, फक्त तिथे लेखक एवढे कष्ट घेत नाहीत, कपाळावर मोठी टिकली लावली की झाली खाष्ट.

आणि न आलेल्या माणसाकडे तर नक्की बघायचं. तो प्राध्यापक दामले स्टेजवर येतच नाही. त्याच्याबद्दल साक्षी होतात, नाव निघतं, पण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. दंड दोघांच्या कृत्याचा आणि पावती एकीच्याच नावाने फाडलेली. फिर्यादीचा वकील आणि आरोपीचा वकील दोन्ही सुखात्मेच, आरोपीच्या बाजूने बोलायची वेळ आली की त्याचा सगळा जोर गळून जातो. बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात, त्या दहा सेकंदांत नाटककार तिला एक लांबलचक स्वगत देतो आणि ते फक्त आपण ऐकतो, कोर्टाच्या हिशोबाने आरोपीला काही सांगायचंच नाहीये. शेवटी निकाल काय, तर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. म्हणजे ज्या गुन्ह्याचा आरोप तिच्यावर ठेवला तोच गुन्हा कोर्ट शिक्षा म्हणून सुनावतं. समाज ढोंगी आहे हे वाक्य कुठेही न उच्चारता तेंडुलकरांनी नुसत्या रचनेतून हे केलंय, आणि माझ्या मते विश्लेषण करताना अशा रचना पकडायच्या, डायलॉग पाठ करून काही होत नाही.

आता सिनेमाकडे येऊ, कारण सिनेमात अपेक्षा बोलून दाखवायची गरजही पडत नाही, कॅमेरा नुसता बघत बसला तरी पुरतं. चैतन्य ताम्हणेचा 'कोर्ट', २०१४ ला व्हेनिसला दाखवला आणि २०१५ ला आपल्याकडे लागला. एका म्हाताऱ्या लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आणि खालच्या कोर्टात चाललेली न संपणारी केस. त्यातली सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णीने केलीय. कोर्टात ती जुने ब्रिटिशकालीन कायदे सपाट आवाजात वाचत जाते, तिच्या समोर माणूस बसलाय की फाईल याने तिला फरक पडत नाही. पहिल्या अर्ध्या तासात ती आपल्याला सरळ व्हिलन वाटते. मग कॅमेरा तिच्या मागे मागे घरी जातो. ट्रेन, ट्रेनमधल्या गप्पा, मुलाला घेणं, घरी येऊन स्वयंपाक, बाकीचे टीव्हीसमोर. कोणी तिला ओरडत नाही, सासू छळत नाही, म्युझिक नाही. आपल्यातल्या अर्ध्या बायका संध्याकाळी सात ते नऊ हेच करतात.

इथे फसायची एक जागा आहे हां. लगेच "अरेरे बिचारी, म्हणून ती तशी वागते" असं म्हणून तिला माफ करून टाकायचं नाही. पिक्चर माफीही मागत नाही आणि आरोपही करत नाही, तो फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवतो. घरचं काम तिने करायचं हा नियम ती प्रश्न न विचारता पाळते, आणि कोर्टात कायद्याचा नियमही ती प्रश्न न विचारता वाचते, मग तो कितीही जुना असो. सवय तीच. रविवारी हे कुटुंब नाटकाला जातं, परप्रांतीय जावयाला हाकलून लावणारं नाटक, हॉलमध्ये हशा आणि टाळ्या, आणि कॅमेरा तिथेही नुसता बघत बसतो. उलट बाजूचा वकील विनय व्होरा, पैसेवाल्या घरातला, गाडीत जॅझ ऐकणारा, चकाचक दुकानात वाइन आणि चीज घेणारा. त्यालाही जेवणाच्या टेबलावर आईबाप लग्नावरून छळतात. पण तो वैतागून उठून जाऊ शकतो, त्याच्याकडे स्वतःचं घर आणि गाडी आहे. अपेक्षा दोघांवर आहे, सैल व्हायची जागा एकालाच आहे, आणि हा फरक पैशाचाही आहे आणि बाई-पुरुष असण्याचाही, दोन्ही सुटे करता येत नाहीत. याच सिनेमात एका बाईने बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून जज तिची केस ऐकायलाच नकार देतो, दोन मिनिटांचा सीन आहे, थिएटरमध्ये लोक हसतात. हसावं का हा वेगळा प्रश्न.

बऱ्याच जणांना वाटतं की अपेक्षा लादणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा. 'सैराट' मध्ये नागराज मंजुळेने ही समजूत मोडलीय आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं, सगळे शेवटावर अडकतात. आर्ची म्हणजे बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलाची पोरगी, परश्या खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला. दोघं जातीची रेघ ओलांडून हैदराबादला पळतात. आणि तिथे झोपडपट्टीतल्या त्या खोलीत, पैशांची ओढाताण सुरू झाल्यावर, हाच परश्या तिच्यावर संशय घ्यायला लागतो आणि हात उचलतो. जातीच्या नियमाचा जो बळी आहे तोच नवरेपणाच्या नियमाचा वसुलीवाला झाला, त्याच माणसात, त्याच आठवड्यात म्हणा ना. इ. एम. फॉर्स्टरने १९२७ साली कादंबरीवर लिहिताना सपाट आणि गोल असे पात्रांचे दोन प्रकार सांगितले होते, आणि गोल पात्राची टेस्ट अशी दिली होती की ते आपल्याला चकित करू शकतं का, आणि तेही पटेल असं. परश्याचा तो हात चकित करतो आणि दुसऱ्याच सेकंदाला पटतो, कारण तो अशाच मुलग्यांमध्ये वाढलाय. ज्यांना तो सीन "कॅरेक्टरला शोभत नाही" वाटला त्यांनी हीरो बघितला होता, परश्या बघितला नव्हता.

एक गोष्ट सगळ्यात उशिरा लक्षात येते, ती म्हणजे कॅरेक्टरकडून स्वतः लेखक-दिग्दर्शकाच्याही अपेक्षा असतात. त्या शोधायच्या तर शेवट बघा. प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू', १९३७, शांताराम बापूंचा, म्हणजे व्ही. शांतारामांचा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, शांता आपटेंनी काय कणखर केलीय. त्या काळात ही भूमिका म्हणजे स्फोटच. पण ती सुटते कशी? म्हातारा पश्चात्तापाने स्वतःचा जीव देतो. म्हणजे तिच्या "नाही" ला सिनेमा पूर्ण पाठिंबा देतो, पण ती दार उघडून स्वतःच्या पायांनी निघून गेली, नवरा जिवंत आणि ठणठणीत, असा शेवट १९३७ ला कल्पनेतही मावत नव्हता. आता १९८२ चा जब्बार पटेलांचा 'उंबरठा' घ्या. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाची नोकरी धरायला घर सोडून जाते, परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई, आणि ती पुन्हा निघते. नवरा जिवंत, सज्जन, बोलायला गोड. पंचेचाळीस वर्षांत एवढा बदल झाला. तरी दंड आहेच, मुलगी दुरावते. घरात सासूच समाजसेविका आहे, नावाजलेली, सभा-समित्यांतली, आणि सुनेने तेच काम पगार घेऊन लांब जाऊन करायचं म्हटलं की चेहरे बदलतात. मला तर ती सासू सुलभापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण नियम नेमका काय आहे ते तिच्यामुळे कळतं. बाहेर काम करायला ना नाही, रात्री घरी असली पाहिजे.

जुन्या कलाकृतीला आजच्या मापाने झोडपायचं नाही हे खरं, पण "त्या काळी असंच होतं" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. त्या काळीही नीरासारखं नाही म्हणता येतं असं कोणाला तरी सुचलं होतंच ना.

भाची म्हणते एवढं चिरफाडलं की नाटक बघायची मजा जाते. मला उलटा अनुभव आहे. 'शांतता' दुसऱ्यांदा बघताना मी बेणारेकडे कमी आणि सामंतकडे जास्त बघत होते. साधा, गावचा, सभ्य माणूस, बेणारेशी शेवटपर्यंत तोच नीट वागतो. पण त्याला साक्षीदार म्हणून उभं करतात तेव्हा त्याला काही माहीत नसतं, मग तो हातातल्या एका फालतू कादंबरीतला प्रसंग स्वतः पाहिल्यासारखा सांगून मोकळा होतो, खेळच चाललाय म्हणून. आणि ते नेमकं बेणारेच्या आयुष्यावर जाऊन बसतं, बाकीच्यांना हवा तो दारूगोळा तिथे मिळतो. त्याच्या मनात काडीचं वाईट नाही. त्याने फक्त लग्नाशिवाय गरोदर राहिलेल्या बाईची जी गोष्ट बाजारात सगळीकडे तयार मिळते ती उचलून दिली. गाइडमध्ये सामंतवर दोन ओळी आहेत, 'भोळाभाबडा ग्रामीण तरुण'. मी भाचीला सांगितलंय, याच्यावर दहा मार्कांचं लिहून दाखव, मग बोलू.